नाण्यांचा छंद आणि बायको: आधी वही उघडा, मग डबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांपासून तुम्ही राणीछाप रुपये (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे) आणि शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) जमवता. लग्नाला दीड वर्ष झालं. पत्नी या सगळ्याला 'जुनं भंगार' म्हणते. मागच्या महिन्यात तुम्ही अठरा हजारांचे चांदीचे रुपये घेतले, आणि ते तिला बँकेच्या मेसेजवरून कळलं. आता तिलाही गोडी लागावी म्हणून तिच्या वाढदिवसाला चार हजारांची एक शिवराई द्यावी का आणि तिची सुरुवात कुठून करून द्यावी, हे तुम्ही विचारलंय.

मी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी जगले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. यजमान लग्नाच्या आधीपासून शिवराया आणि पेशवेकालीन रुपये जमवतात. मी गोव्याची, लग्न करून पुण्यात आले. पहिली सहा वर्षं मला त्या पत्र्याच्या डब्यांचा राग यायचा. आज पोर्तुगीज गोव्याची नाणी माझ्याकडे आहेत, मराठ्यांची त्यांच्याकडे, आणि नोंदवही दोघांची आहे. गेली पंधराएक वर्षं ओळखीतल्या नव्या संग्राहकांची नाणी मी तपासून देते, त्यामुळे अशी बरीच घरं जवळून पाहिली आहेत.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत आणि तुम्ही दुसऱ्याचं उत्तर आधी मागताय. तिला गोडी लागणं ही पुढची गोष्ट. आधी त्या अठरा हजारांचं बघा. 'भंगार' हा शब्द नाण्यांसाठी आहे असं तुम्हाला वाटतंय. मला तरी तो बँकेच्या मेसेजसाठी वाटतो. घरातून एवढी रक्कम गेली आणि आपल्याला यंत्राने कळवलं, नवऱ्याने नाही, हे ज्या बाईच्या मनात सलतंय तिच्या हातात शिवराई ठेवून काही होणार नाही. उलट त्या शिवराईकडे बघून तिला तो मेसेजच आठवेल.

काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. घरकर्जाचा हप्ता चालू आहे का, तुम्ही दोघंच राहता की तुमच्या आई-वडिलांबरोबर, ती नोकरी करते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणालाही न विचारता खर्च करता येतील असे पैसे तिच्या हातात असतात का. हे शेवटचं 'नाही' असेल तर छंदाचा विषय सध्या काढूच नका. तुम्हाला मुभा आणि तिला नाही, अशा घरात नवऱ्याचा कुठलाही छंद बायकोला बोचतोच. मग तो नाण्यांचा असो, नाहीतर कबुतरांचा.

आमच्याकडे हे कसं सुटलं ते सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यजमानांनी जुन्या बाजारातून एकदम बाराशे रुपयांची नाणी आणली. तेव्हा आमच्या महिन्याच्या किराण्याला त्याहून कमी पैसे लागायचे. भांडण झालं, चार दिवस अबोला झाला, आणि मग ठरलं की दर महिन्याला दोनशे रुपये त्यांचे आणि दोनशे माझे. कशावर खर्च केले हे विचारायचं नाही. उरले तर पुढच्या महिन्यात जमा. त्यापेक्षा मोठी खरेदी असेल तर घरी येऊन सांगायचं आणि एक रात्र थांबायचं. रक्कम वेळोवेळी वाढत गेली, पण एक रात्र थांबण्याचा नियम आजही तसाच आहे. त्याचा सगळ्यात जास्त फायदा यजमानांनाच झाला. विक्रेता 'आत्ताच घ्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' म्हणतो तेव्हा 'घरी विचारून उद्या येतो' हे वाक्य त्यांच्या कामी येतं. थांबल्यामुळे हातची गेलेली नाणी आहेत, त्यांची थोडी हळहळ आहे. थांबल्यामुळे वाचलेले पैसे मात्र त्याहून किती तरी जास्त आहेत.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. पाच वर्षांत काय काय घेतलं, किती रुपयांना घेतलं, ते एका साध्या वहीत लिहून काढा आणि ती वही तिच्यासमोर ठेवा. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असं लिहा. बेरीज मोठी निघाली तर निघू द्या. एकदाच ओशाळं व्हाल, पण त्यानंतर तिला तुमच्या कपाटाची धास्ती राहणार नाही.

आता गोडीचं.

मला गोडी लागली ती नाणं भेट मिळाल्यामुळे नाही, एक नाणं माझ्या हातून बिघडल्यामुळे. लग्नाच्या सहाव्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवायला म्हणून मी त्यांच्या डब्यातल्या सात शिवराया काढल्या. काळपट दिसत होत्या. घरातली तांब्याची भांडी चिंचेने घासत होते, त्यातच त्याही घासल्या. नव्या कलशासारख्या लाल झाल्या. मला वाटलं, यजमान खूश होतील. त्यांनी ताम्हनाकडे पाहिलं, पूजा केली आणि दोन दिवस कशावरच फार बोलले नाहीत. भाऊबीजेच्या रात्री त्यांनी घासलेली एक शिवराई आणि न घासलेली एक शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. 'तूच बघ' एवढंच म्हणाले.

न घासलेल्या नाण्यावर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' होतं, दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', आणि कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, रायगडावरून सुरू झालेली ही धाटणी पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही चालू राहिली. म्हणून शिवराईचे इतके प्रकार सापडतात. कुठे अक्षरांचं वळण निराळं, कुठे ऱ्हस्व-दीर्घ बदललेलं, कुठे मधे दोन आडव्या रेघा, जिला दुदांडी शिवराई म्हणतात. काळसर थर खोलगट जागी गडद आणि उठावावर फिका असतो, त्यामुळे न घासलेल्या नाण्यावर प्रत्येक ठिपका उठून दिसत होता. घासलेल्या नाण्यावर सगळं एकसारखं लाल, आणि कडेचे ठिपके विरघळल्यासारखे. तांब्यावरचा तो थर शंभर-दोनशे वर्षांत तयार झालेला असतो आणि तोच खालच्या धातूला जपतो. चिंचेतलं आम्ल तो थर तर खातंच, वर धातूचाही बारीक पापुद्रा घेऊन जातं. तो परत आणता येत नाही.

मला रडू आलं. पण त्या रात्री मी पहिल्यांदाच शिवराई वाचली. तोवर सहा वर्षं मी फक्त डबे बघितले होते. यजमानांनी तोपर्यंत मला नाण्यांबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. दाखवलं मात्र नव्हतं, कारण माझ्या हातून पडेल, डाग लागेल ही भीती. तुम्हीही बहुधा असंच करत असाल. तिला नाण्याची माहिती देता आणि नाणं मात्र स्वतःच्या हातात धरता. उलटं करा. तिच्या हातात द्या, कडेने धरायचं एवढंच सांगा, खाली मऊ पंचा अंथरा, दहापट मोठं दाखवणारं भिंग द्या आणि पाच मिनिटं गप्प बसा. ती काय विचारते ते ऐका. 'याची आज किंमत किती' असं विचारलं तर तेही खरं उत्तर देऊन सांगा. तो अपमान नाही, घर चालवणाऱ्या माणसाचा तो पहिला प्रश्न असणारच.

त्यानंतरही मी शिवराया जमवायला लागले नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. त्या विषयात यजमान माझ्या कितीतरी पुढे होते. तिथे मी आयुष्यभर त्यांची विद्यार्थिनीच राहिले असते. माझा विषय मला माहेरी सापडला. फोंड्याजवळच्या आमच्या घरी आजीच्या पेटीत एका फडक्यात पोर्तुगीज अमदानीतली काही नाणी होती. त्यात एक होतं ६ एस्कुदोंचं, एक ३ एस्कुदोंचं, आणि काही ६० व ३० सेंतावुंची. मी यजमानांना विचारलं, सहाचं नाणं कोण काढतं? एक, दोन, पाच, दहा असं असायला हवं ना? त्यांना उत्तर येत नव्हतं. शोधायला मला दोन महिने लागले. १९५८ मध्ये गोव्यात जुना रुपिया जाऊन एस्कुदो आला आणि एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला. म्हणजे ६ एस्कुदो हा रुपयाच होता, ३ म्हणजे आठ आणे, आणि शंभर सेंतावुंचा एक एस्कुदो असल्यामुळे ६० सेंतावु म्हणजे रुपयाचा दहावा भाग, आपले दहा नवे पैसे. शेजारी भारतात १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले होते, सीमेपलीकडचा व्यवहार त्याच्याशी जुळणं भाग होतं. लोकांच्या डोक्यातला रुपया सरकारला मोडता आला नाही, म्हणून सहाचं नाणं पाडावं लागलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती नाणी फडक्यात गेली.

हे मी यजमानांना समजावून सांगत होते आणि ते वहीत लिहून घेत होते. त्या दिवसापासून हा छंद आमचा दोघांचा झाला.

तेव्हा तुमच्या पत्नीसाठी विषय निवडू नका. तिला तिचा सापडू द्या, आणि तो शक्यतो असा असू द्या की ज्यात तुम्हाला काही येत नाही. ती मूळची कुठली, तिच्या घरी कोण काय करायचं, तिला स्वयंपाकाची आवड आहे की शिवणकामाची, की इतिहासाचं वावडं आहे, यातलं मला काहीच ठाऊक नाही. पण वाटा पुष्कळ आहेत. दागिन्यांची आवड असेल तर पुतळ्यांच्या माळेतली पुतळी कुठून आली हे बघायला सांगा. ती मुळात व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, डुकाट. व्यापारातून इकडे आली, तिच्या नकला झाल्या आणि दागिन्यात जाऊन बसली. गोष्टींची आवड असेल तर १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया आहे. त्यावर राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा साचा केला. शेती-अन्नाशी संबंध असेल तर सत्तरच्या दशकात अन्न आणि शेतीवर काढलेली आपल्याच सरकारची नाणी आहेत. नियोजित कुटुंब आणि सर्वांना अन्न हा १९७४ चा विषय आठवतोय. ती आजही फार महाग नाहीत.

काहीच सुचत नसेल तर चिल्लर. खरंच सांगते, रोजच्या चिल्लरीइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. पैसे वेगळे काढावे लागत नाहीत, चुकलं तर नाणं वाण्याकडे परत जातं. दोघांनी मिळून महिन्याभराची चिल्लर एका परातीत ओता आणि सालाखालची खूण बघून ढीग करा. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी (♦) खूण असेल तर मुंबईची टाकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आपल्याकडे कोणतं सतत येतं आणि कोणतं दिसतच नाही हे दोन महिन्यांत कळायला लागतं. मग साल लावायला घ्या, मग स्मारक नाणी वेगळी काढा. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, २००७ सालचं टिळकांचं पाच रुपयांचं नाणं. अशा परातीतून सुरुवात करून पुढे माझ्यापेक्षा चांगल्या संग्राहक झालेल्या दोन बायका मला माहीत आहेत.

एक गोष्ट फार सांभाळा. तिच्या माहेरून नाणी निघाली तर ती तिची. तुमच्या डब्यात नाही, तुमच्या अल्बममध्ये नाही, तुमच्या नावाच्या पानावर नाही. आजीची नाणी मी पुण्याला आणली तेव्हा यजमानांनी प्रेमाने, अगदी सुवाच्य अक्षरात, ती स्वतःच्या वहीत पुढच्या क्रमांकावर नोंदवली. 'गोवा, पोर्तुगीज, सासुरवाडीकडून.' मी ते वाचलं आणि मला आजी पुन्हा गेल्यासारखं वाटलं. त्यांना काय चुकलं ते कळेना, कारण नाणी तर माझ्याच घरात होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती ओळ खोडली, नवी वही आणली, पहिल्या पानावर माझं नाव आणि त्याखाली आजीचं नाव लिहून मला दिली. ती वही अजून चालू आहे. माहेरच्या नाण्याला कडी जोडलेली असेल, भोक पाडलेलं असेल, तर बाजारात त्याची किंमत उतरते. घरात उतरत नाही. कडी काढायला जाऊ नका.

आता वहीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यावर माझा जीव अडकलेला आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतले एक संग्राहक अचानक गेले. तीस वर्षांचा संग्रह होता, नोंद सगळी त्यांच्या डोक्यात. त्यांच्या पत्नीला नाणी कुठे ठेवली आहेत एवढंच माहीत होतं. तेराव्यानंतर दोन आठवड्यांत कुणीतरी येऊन चांदी चांदीच्या वजनाने आणि तांबं तांब्याच्या वजनाने घेऊन गेला. आम्हाला कळेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या बाईंना मी नंतर भेटले. त्या म्हणाल्या, 'मला कधी सांगितलंच नाही हो त्यांनी.' पैशांचं दुःख त्यांना नव्हतंच. तीस वर्षं शेजारी राहून आपल्याला एक नाणं ओळखता येत नाही, हे त्यांना लागलं होतं.

म्हणून पत्नीला नाण्यांत रस असो वा नसो, नोंद तिला वाचता आली पाहिजे. दर नाण्याला एक क्रमांक, दोन्ही बाजूंचा फोटो, वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये, कुणाकडून आणि किती रुपयांना घेतलं, पावती कुठे आहे, आणि कुठल्या डब्यात आहे. शेवटच्या पानावर विश्वासातल्या दोन-तीन जाणकारांची नावं, ज्यांना विचारल्याशिवाय काही विकायचं नाही. वजनासाठी दशांशात दोन आकडे दाखवणारा छोटा काटा मिळतो, तो घ्याच. हे काम दोघांनी करण्यासारखं आहे. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. रविवारी तासभर बसलात तर दहा-पंधरा नाणी होतात. आमचा संग्रह असा लिहून काढायला तीन पावसाळे गेले, आणि मला मराठ्यांची नाणी जेवढी येतात तेवढी त्या लिहिण्यातून आली.

वजनावरून आठवलं. ते अठरा हजारांचे रुपये तुम्ही तपासले आहेत का? चांदीचा जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. झिजलेला असेल तर किंचित कमी भरेल, पण साडेदहा किंवा साडेबारा भरला तर शंका घ्या. लोहचुंबक जवळ धरून बघा, चांदी ओढली जात नाही. १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, तेव्हा साल बघून काय दिलं याचा हिशेब करा. १८६२ साल असलेला प्रत्येक रुपया दुर्मिळ नसतो. ते साल पुढे बरीच वर्षं साच्यावर तसंच ठेवलं होतं. आणि रामदरबाराचं चित्र, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असं काही कुणी दिलं असेल तर ते चलनातलं नाणंच नाही. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. ही तपासणी पत्नीसमोर करा, काटा तिच्या हातात द्या. त्यातलं एखादं खोटं निघालं तर लपवू नका. आमच्या घरी खोटी नाणी एका वेगळ्या डबीत असतात आणि नव्या माणसाला शिकवायला तीच सगळ्यात आधी निघतात.

'वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना', '७८६ ची नोट पाच लाखांना' असे मेसेज तिलाही येत असतील. ते निखालस खोटे असतात. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावधही केलं होतं. तिला सांगून ठेवा, कारण तुमच्या घरी नाणी आहेत हे ज्याला कळेल तो आधी तिलाच फोन करेल.

ठेवण्याबद्दल दोनच गोष्टी, बाकी तुम्हाला माहीत असणार. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नका. पावसाळ्यात त्यांवर हिरवट चिकट थर येतो आणि तांबं खाल्लं जातं. आणि घरातल्या सगळ्यांना, सासूबाई असल्या तर त्यांनाही, एकदा बसवून सांगा की पूजेसाठी कुठली नाणी घ्यायची. आमच्याकडे त्या दिवाळीनंतर पूजेचे पाच रुपये देवघरातच वेगळे ठेवले. ते दरवर्षी घासले जातात, झिजतात, आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नाही.

कायद्याचंही एक वाक्य. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू धरलं जातं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मेहुण्याला शिवराई भेट द्यायचा मोह अनेकांना होतो, तो टाळा.

बाहेर जायचं असेल तर प्रदर्शनाने सुरुवात करू नका. नाण्यांच्या प्रदर्शनात संग्राहक नवरा चार तास टेबलांवर वाकलेला असतो आणि बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स सांभाळत बसलेली असते. मी स्वतः बसले आहे. त्यापेक्षा नाणेघाटात जा. जुन्नरहून जवळ आहे. सातवाहनांचा व्यापारी रस्ता, वर जकातीचा म्हणून दाखवतात तो मोठा दगडी रांजण, आणि गुहेत राणी नागनिकेचा लेख, ज्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई आणि कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. पाऊस, वारा, भजी, आणि मधे दोन हजार वर्षांपूर्वीचा एका बाईने मांडलेला हिशेब. किंवा नाशिकला गेलात तर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. तिथे जाताना तिला जोगळटेंभीची गोष्ट सांगा. १९०६ मध्ये नाशिकजवळ तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवल्यावर स्वतःचा ठसा मारलेला. खालचा राजाचा चेहरा काही नाण्यांवर अजून दिसतो. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, ते दीड तासात आरामात होतं आणि नंतर जेवायला जाता येतं. दीड तास पुरे. तिने थांबूया म्हटलं तर थांबा.

आणि हे सगळं करूनही तिला गोडी लागली नाही तर? तसंही होतं. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे. तो नाणी जमवतो, ती पहाटे टेकडीवर पक्षी बघायला जाते. त्याला पक्षी ओळखता येत नाहीत, तिला नाणी येत नाहीत. पण त्याच्या वहीत काय आहे हे तिला ठाऊक आहे, आणि ती किती वाजता परत येणार हे त्याला ठाऊक आहे. तो चहा करून ठेवतो. तुम्हाला बायकोने संग्राहकच व्हावं असं वाटतंय की तुम्ही नाणं हातात घेता तेव्हा तिने कपाळाला आठी घालू नये एवढंच हवंय? दुसरं असेल तर पहिलं मागू नका.

वाढदिवसाचं म्हणाल तर शिवराई देऊ नका. ती तुम्हाला हवी आहे. त्या चार हजारांत तिला हवं ते तिला घेऊ द्या, आणि ते नाण्याशी संबंधित नसेल तर चेहरा पाडू नका. पुढच्या वेळी तिच्या माहेरी जाल तेव्हा तिच्या आईला किंवा आजीला विचारा की जुन्या पेटीत, फडताळात, देवघराच्या खणात काही नाणी आहेत का. तुम्ही विचारा, पण उघडू तिला द्या. भोकाचा पैसा निघेल, एखादा राणीछाप निघेल, निजामाच्या राज्यातलं माहेर असेल तर चारमिनार छापलेलं काहीतरी निघेल. काही निघालं तर घासू नका, पुसूही नका. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाउजेडात घ्या, शेजारी पट्टी ठेवा, वजन लिहा, आणि प्रश्न तिच्या नावाने तिला विचारू द्या. मला जमेल तेवढं ओळखून देईन.